आठव्या ओळीतील राजवैद्य

माणूस मेल्यावर मोठा होतो, ही समजूत भाबडी आहे. मेल्यावर माणूस नुसता मरतो. मोठं व्हायला ठराव लागतो. ठरावाला सूचक लागतो, सूचकाला अनुमोदक लागतो, आणि हे दोघे एकाच दिवशी कार्यालयात हजर असावे लागतात. हा योग दुर्मिळ असल्यामुळेच मेलेल्यांच्या मानाने जगात थोर माणसांची संख्या कमी आहे.

नगरपालिकेच्या जुन्या दफनभूमीत असा योग एकशे तीस वर्षांत आला नव्हता. तिथे दोन हजार एकशे सहा माणसं नुसतीच मेलेली होती. त्यांची पालिकेविरुद्ध काही तक्रार नव्हती (पालिकेच्या हद्दीतला हा एकमेव भाग, जिथून पाण्याबद्दल एकही अर्ज आलेला नाही) आणि पालिकेचंही त्यांच्याकडे काही काम नव्हतं. फाटकाशी एक खोली होती. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, मयतांच्या नोंदवह्यांचं एक लाकडी कपाट, कपाटाला वाळवी, आणि दोनपैकी धड असलेल्या खुर्चीवर दप्तरी.

दप्तरी म्हणजे जुने कागद सांभाळणारा माणूस. हे काम तो एकोणतीस वर्षं करत होता आणि एवढ्या काळात त्याचं नाव हजेरीपत्रक सोडून बाकी सगळीकडून नाहीसं झालं होतं. बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना "आमचे दप्तरी" म्हणायची. तो कोणाच्या अध्यात नव्हता, मध्यात नव्हता. दफनभूमीत त्याचं खासगी काम एकच होतं. आठव्या ओळीतलं सतरावं थडगं त्याच्या आईचं होतं, आणि दर रविवारी सकाळी तो बादली आणि घासणी घेऊन ते धुवायचा.

आई गावातल्या इस्पितळात धुण्याच्या कामाला होती. चौतीस वर्षं तिने परक्या माणसांच्या चादरी उकळत्या पाण्यात धुतल्या. रक्ताचे डाग, औषधांचे डाग, आणि ज्यांचं नाव चारचौघांत घेत नाहीत तेही डाग. सोड्याने तिच्या हातांना बारमाही भेगा असायच्या. डाग दिसला की तिला चैन पडत नसे. शेवटच्या दुखण्यात तिला शुद्ध आली तेव्हा तिने डॉक्टरांच्या डगल्याच्या खिशाकडे बोट दाखवून, "शाई आहे, लिंबाने निघेल," एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. अशा बाईच्या दगडावर शेवाळ चढू द्यायचं हे दप्तरीला जमण्यासारखं नव्हतं. त्याचं तिच्यावर फार प्रेम होतं, आणि ते दाखवायला त्याच्याकडे घासणीशिवाय दुसरं साधन नव्हतं.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वरून एक परिपत्रक आलं.

परिपत्रकाचा आशय थोर होता. देशाला इतिहास आहे, ही गोष्ट वरिष्ठांच्या नुकतीच लक्षात आली होती, आणि तो नेमका कुठे ठेवलेला आहे याची त्यांना नव्वद दिवसांत माहिती हवी होती. प्रत्येक नगरपालिकेने आपल्या हद्दीतलं किमान एक ऐतिहासिक महत्त्वाचं ठिकाण सादर करावं. ज्या पालिकेकडे असं ठिकाण नसेल, तिच्या मोकळ्या जागा इतिहासाला नको आहेत असं समजून त्या वाहनतळासाठी देण्यात येतील. शेजारच्या गावाने आठ दिवसांत एक पडका पूल सादर केला. त्या पुलावरून एक सेनापती घोड्यासकट पाण्यात पडला होता. पूल तेव्हा पडका नव्हता, सेनापती प्यालेला होता, पण इतिहास असल्या तपशिलात शिरत नाही.

या गावात कोणी पडलंही नव्हतं. मनोऱ्यावरचं घड्याळ सहा वर्षांपूर्वीचं होतं (बंद पडून सात वर्षं झाली होती, हा हिशेब पालिकेच्या भांडार विभागाचा आहे). तेव्हा मुख्याधिकारी साहेबांची नजर फिरत फिरत दफनभूमीवर आली. दफनभूमी जुनी होती, मोकळी होती, आणि तिथल्या रहिवाशांना मतदानाचा अधिकार नव्हता. एकाच जागेच्या दोन फायली एकाच दिवशी उघडल्या गेल्या. हिरव्या फायलीवर "ऐतिहासिक महत्त्व" असं लिहिलं, तांबड्या फायलीवर "वाहनतळ". दोन्ही फायली साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे जी आधी भरेल ती पुढे पाठवायची.

महत्त्व मोजण्याचा नमुना परिपत्रकासोबत होताच. मेलेल्यांचे पाच वर्ग पाडायचे होते. 'अ' वर्गात राजे आणि सेनापती, मग ते कशावरूनही पडलेले असोत. 'ब' वर्गात राजवैद्य, न्यायाधीश वगैरे. 'क' वर्गात ज्यांच्याबद्दल काही चांगलं ऐकिवात आहे असे लोक, 'ड' वर्गात तुम्ही-आम्ही, आणि 'इ' वर्गात बेवारस. जागा ऐतिहासिक ठरायला 'ब' किंवा त्यावरच्या वर्गातले किमान चाळीस मयत लागत. आणि 'इ' वर्गाची जागा पर्यटकांच्या सोयीसाठी मोकळी करायची होती, कारण इतिहास पाहायला आलेल्या माणसाला सर्वांत आधी स्वच्छतागृह लागतं असं एका पाहणीत आढळून आलं होतं.

संशोधनासाठी इतिहासाच्या प्राध्यापकांना बोलावलं. प्राध्यापकांनी दफनभूमीत पाऊल ठेवलं नाही. संशोधन नोंदवहीत असतं, जमिनीत नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी दप्तरीच्या खोलीत, दप्तरीच्या धड खुर्चीवर बसून वही उघडली. वही ओळवार होती. जमिनीवरची एक ओळ म्हणजे वहीतलं एक पान. पानावर अनुक्रमांक, नाव, वय, मृत्यूची तारीख आणि 'मयताची ओळख' असे पाच रकाने. सातव्या पानाशी आल्यावर प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"दप्तरी," ते हळूच म्हणाले, "इथे एक्केचाळीस राजवैद्य आहेत."

दप्तरीने वाकून पाहिलं. पानावर पहिल्याच नावापुढे 'राजवैद्य' असं लिहिलेलं होतं, आणि त्याखाली चाळीस नावांपुढे दोन-दोन बारीक रेघा होत्या. दोन रेघांचा अर्थ कोणत्याही कचेरीत 'वरीलप्रमाणे' असा होतो. दप्तरीला मात्र या रेघांचा जन्म माहीत होता. तीस वर्षांपूर्वी मूळ वही जीर्ण झाली म्हणून मोठ्या कारकुनांनी तिची नवी प्रत उतरवली होती. पहिल्या नावाचा हुद्दा ते मन लावून लिहीत. दुसऱ्या नावाशी त्यांचा हात दुखू लागे. सातव्या ओळीत सुरुवातीला खरोखरच एक राजवैद्य होता, प्रवासात पोट बिघडून गेलेला. त्याच्यामागचे चाळीस जण तापाच्या साथीत गेलेले गवंडी, हमाल, एक सुतार, दोन भुरटे चोर आणि तीन लहान मुलं होती.

प्राध्यापकांना ही मुलं दिसली होती. "वय वर्षं चार," त्यांनी वाचलं आणि बाजूला टिपण केलं: 'पद वंशपरंपरागत असावं.' एक्केचाळीस राजवैद्य सात आठवड्यांत मेले, यावरून त्यांनी गावात मोठं वैद्यकीय विद्यापीठ असल्याचं सिद्ध केलं. राजा त्याच साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारल्याचा पुरावाही त्यांनी जोडला. इतके वैद्य हाताशी असल्यावर तो त्याहून जास्त जगला असता तरच शंका घ्यायला जागा होती.

चाळीस लागत होते, एक्केचाळीस निघाले. साहेबांनी तांबडी फाइल खणात टाकली.

मग प्राध्यापकांनी आठवं पान उलटलं. पहिल्या नोंदीत लिहिलेलं होतं: 'अनोळखी पुरुष, अंदाजे चाळीस, नदीकाठी सापडला, डाव्या हाताला सहा बोटं. बेवारस.' आणि खाली तेवीस नावांपुढे दोन-दोन रेघा. सतराव्या नावावरून प्राध्यापकांचं बोट सरळ खाली घसरलं. "ही ओळ पूर्ण बेवारस. बरं झालं, फाटकाजवळच आहे," ते म्हणाले. "स्वच्छतागृह इथेच येईल. घ्या लिहून."

दप्तरीने लिहून घेतलं. तेच त्याचं काम होतं. घरी जाऊन तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने रीतसर अर्ज केला: आठव्या ओळीतील क्रमांक सतरा ही माझी सख्खी आई, धंदा धुण्याचा, मी तिचा मुलगा हयात आहे, सबब ती बेवारस नाही. अर्जाला चौथ्या दिवशी उत्तर आलं (पालिकेच्या इतिहासात हा वेग नमूद करण्यासारखा आहे). उत्तर असं: 'ज्याला वारस आहे तो बेवारस नसतो, हे आपलं म्हणणं तत्त्वतः मान्य आहे. तथापि नोंदीनुसार मयत बेवारस असल्याने तिला वारस असणं संभवत नाही. वेगळं म्हणणं असल्यास नोंदवहीचा प्रमाणित उतारा जोडावा.' प्रमाणित उतारा देण्याचा अधिकार गावात एकाच माणसाला होता. दप्तरीने दप्तरीकडे अर्ज केला, दप्तरीने वही काढली, आणि आपली आई बेवारस असल्याचा उतारा 'खरी नक्कल' असा शिक्का मारून, सही करून, स्वतःच्या हातात दिला. पोच म्हणून त्याने स्वतःची दुसरी सहीही घेतली.

मग तो मोठ्या कारकुनांकडे गेला. ते निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली होती. गच्चीच्या दाराशी आरामखुर्चीत पाय पसरून ते वर्तमानपत्र उलट्या क्रमाने वाचत होते, म्हणजे आधी निधनवार्ता.

"भाऊसाहेब, सातव्या ओळीत एक्केचाळीस राजवैद्य निघालेत."

"असतील."

"एकच होता. बाकीच्यांपुढे तुम्ही रेघा मारत गेलात."

"उन्हाळा होता," म्हातारा म्हणाला. "दोन हजार नावं उतरवायची, पंखा नाही. अरे, मेलेल्या माणसाचा हुद्दा बघतो कोण?"

"आता बघतायत. आणि आठव्या ओळीत माझी आई बेवारस झालीय. तुम्ही तिला ओळखत होता की. तुमचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा..."

"धुणं करायच्या त्या? ओळखत होतो म्हणजे काय! चादर कशी कडक असायची त्यांची. अंगाला टोचायची. चांगल्या होत्या बाई."

"मग तेवढं लिहून द्या ना, की रेघ चुकून पडली म्हणून."

मोठ्या कारकुनांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली. "हे बघ. दोन हजार नोंदी केल्या मी. एक चूक निघाली नाही. का? कोणी बघितलंच नाही म्हणून. आठव्या पानावरची रेघ खोटी असं मी लिहून दिलं, की सातव्या पानावरच्या कशावरून खऱ्या, असं पहिलं शेंबडं पोर विचारील. हात तोच, शाई तीच. मग तुझे राजवैद्य किती उरले?"

"एक."

"आणि एका राजवैद्यावर काय मिळतं?"

"वाहनतळ," दप्तरी म्हणाला.

"तर मग. चहा घेणार?"

त्याने चहा घेतला नाही. घरी बायको भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भाजीवरची नजर न काढता निकाल सांगितला. "म्हणजे खरं बोललात तर सासूबाई मोटारींखाली, आणि गप्प बसलात तर संडासाखाली."

"हो."

"जन्मभर दुसऱ्यांची घाण काढली बाईंनी. मेल्यावर तरी सुटका नको का?" तिने एक कीड लागलेलं पान बाजूला काढलं आणि जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "अहो, कपाटाला वाळवी लागलीय म्हणून तुम्ही किती वर्षं अर्ज करताय?"

"अकरा."

"एवढी वर्षं सरकारी लाकूड खातेय. तिला म्हणावं, आता काहीतरी काम कर."

दप्तरी मनातल्या मनात नियम म्हणू लागला. नोंदणी नियमावली त्याला तोंडपाठ होती. नियम चौदा: 'पानाच्या प्रारंभी मूळ नोंद उपलब्ध नसल्यास मागील पानावरील नोंद पुढे चालू समजावी.' आठव्या पानाची पहिली ओळ नसती, तर तेवीस नावांपुढच्या रेघांना वर बघायला दुसरं कोणीच नव्हतं. त्या सरळ सातव्या पानावर जात होत्या. राजवैद्यांकडे.

पुढचे अकरा दिवस जेवणाच्या सुट्टीत खोलीचं दार आतून बंद असे. आठव्या पानाची वरची कड ओली करून दप्तरी वही कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर तेवढंच पान बाहेर काढून ठेवायचा. वाळवी ही पालिकेच्या सेवेत नसल्यामुळे तिने काम मुदतीत केलं. रोज थोडा थोडा तो अनोळखी पुरुष जात होता. आधी नदी गेली, मग वय गेलं. सर्वांत शेवटी सहा बोटं राहिली होती. त्या दिवशी दप्तरीने वही एकदा उचलून टेबलावर ठेवली. या माणसाबद्दल जगात एवढीच एक ओळ होती. नाव नव्हतं, गाव नव्हतं, फक्त कोणीतरी त्याची बोटं मोजली होती. दप्तरीला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मग त्याने वही परत फळीवर ठेवली.

अंतिम पडताळणीला साहेब जातीने हजर राहिले. प्राध्यापकांनी आठवं पान उघडलं, कुरतडलेली कड पाहिली, नियम चौदा वाचला आणि बेरीज केली. एक्केचाळीस अधिक तेवीस, चौसष्ट. सेनापतीच्या पुलावर एक सेनापती होता; इथे चौसष्ट राजवैद्य. प्रति चौरस मीटर राजवैद्यांच्या बाबतीत हे गाव जगात पहिलं असल्याचं त्यांनी जागच्या जागी जाहीर केलं (दुसरा क्रमांक अद्याप कोणी मागितलेला नाही). आठव्या ओळीतले बरेच राजवैद्य राजघराणं संपल्यावर ऐंशी-ऐंशी वर्षांनी वारले होते, ही गोष्ट एका कनिष्ठ लिपिकाने नजरेस आणली. प्राध्यापकांनी त्यावर 'राजा नसतानाही निष्ठेने पदावर राहिले' असं टिपण केलं, आणि लिपिकाची बदली जन्मनोंदणीकडे झाली.

तेवीस नावं प्राथमिक यादीत 'इ' वर्गात टाकून राजवैद्यांचा अवमान केल्याबद्दल दप्तरीला मेमो मिळाला. त्याने लेखी माफी मागितली.

एक अडचण उरली होती. स्वच्छतागृहाला जागा हवीच होती, आणि आठव्या ओळीच्या सुरुवातीला एक थडगं होतं ज्याची वहीत नोंदच नव्हती. नोंद नसलेलं थडगं म्हणजे अतिक्रमण. अतिक्रमण विभागाने दगडावर नोटीस डकवली: सात दिवसांच्या आत जागा स्वखुशीने मोकळी करावी, अन्यथा खर्चासह कारवाई होईल. सात दिवसांत रहिवाशाने हालचाल केली नाही. आठव्या दिवशी पालिकेने केली. कामगारांपैकी एकाने हाडं गोणीत भरताना, "अरे, याला एक बोट जास्त आहे," असं म्हटलं. दप्तरी खिडकीशी उभा होता. त्याने खिडकी लावून घेतली.

मग साहेबांनी त्याला आत बोलावलं. त्यांच्यासमोर हिरवी फाइल उघडी होती.

"दप्तरी, यात तुमचा एक अर्ज आहे. क्रमांक सतरा तुमची आई होती म्हणताय. धुणं करायची म्हणताय."

"हो साहेब."

"आणि वहीप्रमाणे क्रमांक सतरा म्हणजे देशातल्या पहिल्या महिला राजवैद्य. त्यांच्यावर स्वतंत्र फलक करतोय आपण. वरची मंडळी उद्घाटनाला येतायत. आता यातलं खरं काय?"

साहेबांची मुद्रा प्रेमळ होती. "तुमची आई असेल तर तसं सांगा. आम्ही वही तपासायला वर पाठवू. सगळी पानं तपासतील. मला काय, दुसरी फाइल खणातच आहे."

दप्तरीने कागद मागून घेतला. त्याचं अक्षर चांगलं होतं. 'सदर मयताशी माझा काहीही संबंध नाही. पूर्वीचा अर्ज मी गैरसमजातून केला होता. माझी आई कुठे पुरलेली आहे, हे मला माहीत नाही.' शेवटचं वाक्य साहेबांनी सुचवलं होतं, फाइल स्वच्छ राहावी म्हणून. खाली त्याने सही केली. सही पहिल्यांदा नीट आली नाही, म्हणून साहेबांनी दुसरी करायला लावली.

उद्घाटन थाटात झालं. भाषणं झाली, त्यांत इतिहास हा शब्द एकशे बारा वेळा आला आणि मेलेल्या माणसांचा उल्लेख अनवधानाने राहून गेला. मोठे कारकूनही खुर्चीत बसून आले होते. दस्तऐवज निर्दोष ठेवल्याबद्दल त्यांना शाल मिळाली. त्यांनी दप्तरीकडे बघून डोळे मिचकावले, पण ते मोतीबिंदूमुळेही असू शकेल.

पुढच्या रविवारी दप्तरी बादली आणि घासणी घेऊन फाटकाशी आला. रखवालदार त्याचा वीस वर्षांचा सोबती. त्यानेच त्याला अडवलं.

"दप्तरी, पाणी आत न्यायचं नाही."

"अरे, दर रविवारी नेतो मी."

"ते आधी. आता बोर्ड लागलाय. आणि रांगेतून यायचं. रागावू नका, मला नोकरी आहे."

बादली तिथेच ठेवायला त्याचा हात होईना, म्हणून पाणी ओतून देऊन रिकामी बादली घेऊन तो रांगेत उभा राहिला. पुढे एक शाळेची सहल होती. आठव्या ओळीत सतराव्या दगडाभोवती लोखंडी कठडा बसवला होता. नव्या कठड्याचा गंज पहिल्याच पावसात दगडावर ओघळला होता, आणि त्या तांबड्या ओघळाखाली शेवाळाचा हिरवा पट्टा धरू लागला होता. कठड्यावर फलक होता: 'दगडावरील डाग ऐतिहासिक आहेत. ते पुसणं हा दंडनीय अपराध आहे.'

"या देशातल्या पहिल्या महिला राजवैद्य," मार्गदर्शक बाई सांगत होत्या. "स्वच्छतेबद्दल त्या अतिशय कडक होत्या. राजाचं अंथरूणसुद्धा उकळून घ्यायच्या. रोग्यांची सेवा करून त्यांच्या हातांना भेगा पडलेल्या असत." पुस्तिकेसाठी प्राध्यापक जेव्हा माहिती मागत हिंडत होते तेव्हा हे दोन तपशील दप्तरीच्या तोंडून निसटले होते. पुस्तिकेत खरं एवढंच होतं. ते ऐकताना दप्तरी कठड्याकडे एक पाऊल सरकला आणि बादलीची कडी वाजली.

सहलीतल्या मास्तरांनी मागे वळून पाहिलं. बादली, घासणी, ओले डोळे. "आपण यांचे कोण?" त्यांनी आदराने विचारलं.

"कोणी नाही," दप्तरी म्हणाला. "मी इथला दप्तरी."

अशा रीतीने मोठ्या कारकुनांची नोंद तीस वर्षांनी बरोबर ठरली. आठव्या ओळीतली सतरावी मयत बेवारस होती, तसं तिच्या मुलानेच लिहून दिलेलं आहे, आणि तो कागद हिरव्या फायलीत पान बेचाळीसवर कोणालाही पाहता येईल.

आता थोडं वाचकांसाठी. जुनी दफनभूमी ऐतिहासिक झाल्यामुळे गावाबाहेर नवी उघडली आहे, आणि वेळेची बचत लक्षात घेऊन तिथेही दोन रेघांची पद्धत चालू ठेवावी असा ठराव एकमताने झाला आहे. आपण आयुष्यात काय केलं याला त्यामुळे पूर्वीइतकं महत्त्व राहिलेलं नाही. आपल्या आधी कोण गेलं, एवढंच पाहायचं. शेजारी एखादे न्यायाधीश अंथरुणाला खिळले असतील तर त्यांच्या प्रकृतीची रोज चौकशी करत जावी. गल्लीतला भुरटा चोर आजारी असेल तर आपण आठवडाभर कळ काढावी. आणि आपल्या आईवडिलांच्या नावापुढे आज काय लिहिलेलं आहे हे पाहायची इच्छा झाली, तर खोली दहा ते पाच उघडी असते. वही मागितली की दप्तरी लगेच काढून देतो. एकोणतीस वर्षांत आपलं माणूस शोधत ती मागायला बाहेरचं कोणी आलेलं नाही. आपणही मागणार नाही, हे गृहीत धरूनच ती लिहिलेली आहे.